ज्यावाचून अडते ते

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाला सहा जुने संगणक देणगी मिळाले. डिस्का लहान, वेग बेताचा. पण फुकटच्या गाईचे दात कोण मोजतो? माझ्या एका हौशी विद्यार्थ्याने त्यांवर डेबियन नावाची मुक्त संगणकप्रणाली बसवली आणि संध्याकाळी विजयी मुद्रेने माझ्यापुढे उभा राहिला.

"सर, निम्मी जागा वाचवली!"

"ती कशी रे?"

"शिफारशी सगळ्या गाळल्या. जे लागतंच तेवढंच घेतलं."

मी त्याला शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी तर्कशास्त्राची प्रश्नपत्रिका उघडून पाहतो तो काय, अक्षरांच्या जागी ओळीने रिकामे चौकोन! इंग्रजी सूचना तेवढ्या ठणठणीत. देवनागरीचे फाँट शिफारशींच्या यादीत होते आणि त्या यादीबरोबर तेही गेले होते.

आता हा दोष कुणाचा? मुलाचा, यादी करणाराचा, की शाबासकी देणाऱ्या माझा? याचे उत्तर शोधायचे तर एक वस्तू दुसरीला 'लागते' म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

आजचा कोणताही प्रोग्राम एकटा नसतो. अक्षरे दाखवायला एकाची मदत, चित्र उघडायला दुसऱ्याची, फाइल दाबून लहान करायला तिसऱ्याची. म्हणून प्रोग्रामचे गाठोडे, म्हणजेच पॅकेज, बांधणारा माणूस त्यावर एक चिठ्ठी लावतो : या गाठोड्याबरोबर आणखी काय काय हवे. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनने या चिठ्ठीचे मुख्यतः तीन रकाने केले आहेत. पहिला 'डिपेंड्स', म्हणजे अनिवार्य. दुसरा 'रेकमेंड्स' : अपवादाची ठिकाणे सोडली तर सर्वत्र जे बरोबर असावे ते. तिसरा 'सजेस्ट्स' : असल्यास अधिक उपयोग, नसल्यास तक्रार नाही.

पुरणपोळीचे उदाहरण घ्या. हरभऱ्याची डाळ आणि कणीक हा पहिला रकाना. त्यांवाचून पोळीच होणार नाही. गूळही त्यातच, पण 'गूळ किंवा साखर' असा. चिठ्ठीत असा 'किंवा' लिहिण्याचीही सोय आहे बरे! वेलदोडा-जायफळ दुसऱ्या रकान्यात. त्याशिवाय पोळी होते, पण शहाण्या घरात ते गाळत नाहीत. आणि सोबतीला कटाची आमटी? ती तिसऱ्या रकान्यात. आमटी नाही म्हणून कुणी पोळ्या लाटायच्या थांबवत नाही.

या रकान्यांना संगणकावर कायद्याचे बळ असते. पहिल्या रकान्यातली वस्तू मिळाली नाही तर मूळ प्रोग्राम बसवलाच जात नाही. ती काढायला गेलात तर प्रोग्रामही तिच्याबरोबर निघतो. दुसऱ्या रकान्यातल्या वस्तू २००९ च्या आवृत्तीपासून आपोआप येतात, पण नको म्हणण्याची मुभा असते. तिसऱ्या रकान्यातल्या मागितल्याखेरीज येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच अनिवार्य करून टाकावे. कुणाचे अडायला नको! याचे उत्तर २०२४ च्या मार्च महिन्यात मिळाले, आणि तेही अंगावर काटा यावा असे.

दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्यासाठी ओपनएसएसएच नावाचा प्रोग्राम जगभर वापरतात. तो म्हणजे घराचा दरवाजाच म्हणा. फाइली दाबून लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या प्रोग्रामशी त्याचा मुळात काही संबंध नाही. परंतु डेबियनसारख्या काही प्रणालींनी त्यात एक लहानशी भर घातली होती : दरवाजा उघडला की 'मी तयार आहे' एवढा निरोप त्याने सिस्टिमडी या व्यवस्थापक प्रोग्रामाला द्यावा. त्या निरोपासाठी सिस्टिमडीचे अख्खे साहाय्यक दप्तर जोडले गेले. आणि त्या दप्तराला आपल्या नोंदी दाबून ठेवण्यासाठी एक्सझेडचे दप्तर लागत होते. मित्राच्या मित्राने घरात यावे, तसे एक्सझेड दरवाजापाशी येऊन बसले.

नेमक्या त्याच एक्सझेडमध्ये, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून, कुणीतरी चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले. त्याने चिकाटीने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे उघड केले. तोवर ती वाट मुख्यतः प्रणालींच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोचली होती, म्हणून मोठा अनर्थ टळला.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये ओपनएसएसएचने तो निरोप स्वतःच पाठवण्याची सोय केली. दप्तराची गरजच उरली नाही. सिस्टिमडीनेही दाबण्याची साधने गरज पडेल तेव्हाच बोलवायची, अशी रचना केली. म्हणजे जे अनिवार्य म्हणून वागवले जात होते, ते मुळात तसे नव्हतेच!

तेव्हा चिठ्ठी लिहिणाराने पहिला प्रश्न असा विचारावा : ही वस्तू काढली तर प्रोग्रामचे मुख्य काम थांबते, की एखादा कोपरा तेवढा बंद होतो? मुख्य काम थांबत असेल तर अनिवार्य, कोपरा बंद होत असेल तर ऐच्छिक. आणि ऐच्छिक ठरवले, तर ती वस्तू नसताना प्रोग्रामने मुकाट्याने कोलमडू नये. 'अमुक नाही म्हणून तमुक करता येत नाही', असे स्वच्छ सांगावे.

पण दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मुख्य काम कुणाचे? इंग्रजीत लिहिणाऱ्याला देवनागरी फाँट ही चैन; मला तो श्वास. प्रणाली जगासाठी बांधणाऱ्याने फाँट शिफारशीत ठेवला हे योग्यच होते. तो सर्वांवर कसा लादणार? मात्र आमच्या सहा संगणकांपुरती चिठ्ठी आम्ही लिहावयाची होती, आणि ती आम्ही लिहिलीच नाही. 'शिफारस' या शब्दाचा अर्थ आम्ही 'नको' असा लावला.

त्या मुलाने दहा मिनिटांत फाँट आणून बसवले. मग आम्ही दोघांनी गाळलेली यादी एकेक नाव वाचत तपासली. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न : "याच्यावाचून आपलं काय अडेल?" बहुतेकांपुढे 'काही नाही' असे लिहिले. तीन नावे मात्र परत घेतली. वाचवलेली जागा जवळजवळ तेवढीच राहिली, आणि प्रश्नपत्रिका वेळेवर छापली गेली.