कुजबुजीचे स्वातंत्र्य

नोव्हेंबर १९५५ ते डिसेंबर १९६१ या काळात गोव्याच्या सीमेलगतच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. बोलणे सर्वांनी ऐकावे, पण बोलणारा कोठे आहे हे सालाझारशाहीला कळू नये, हीच त्या केंद्राची सारी शक्ती होती. आज दूरध्वनीच्या बाबतीत तोच प्रश्न नव्या रूपात उभा आहे.

संभाषणाची गुप्तता दुहेरी असते. काय बोलले गेले ही एक बाजू. कोण कोणाशी, केव्हा व किती वेळ बोलले ही दुसरी. शब्द कुलूपबंद करणारी साधने आता हातोहाती आहेत. परंतु दुसऱ्या बाजूची नोंद मध्यस्थाच्या दप्तरी राहू शकते. एखादा कारकून आधी वकिलाशी व मग वार्ताहराशी बोलला, एवढे कळले तरी त्याची नोकरी जाण्यास पुरेसे आहे.

म्हणून काही तंत्रज्ञांनी मध्यवर्ती केंद्रच नको असे ठरवून ‘टॉर’सारख्या अनामिक जाळ्यातून आवाज पाठविण्याचा मार्ग धरला. या विद्येचा उगम अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत झाला. २००२ पासून टॉर सर्वांस खुले आहे. त्यातील संदेश सामान्यतः तीन टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्याला केवळ मागचा व पुढचा शेजारी ठाऊक असतो.

याची किंमत मात्र मोजावी लागते. सहज संभाषणासाठी आवाज साधारण १५० सहस्रांश सेकंदांत पलीकडे पोहोचावा लागतो. या वळणावळणाच्या वाटेने तो बहुधा उशिरा पोहोचतो. शिवाय दोन्ही टोकांवर एकाच वेळी पाळत असेल, तर वेळेच्या मेळावरून माग लागू शकतो. हे अभेद्य कवच नव्हे.

गुन्हेगारही याचा आश्रय घेतील, ही शंका रास्त आहे. पण गुन्हेगाराच्या भयाने प्रत्येक घराच्या भिंतीला कान लावावयाचे काय? दूरध्वनी चोरून ऐकण्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निर्बंध घातले आणि २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. संशयिताचा माग सरकारने कायद्याच्या चौकटीत अवश्य काढावा. मात्र गुप्ततेचे साधन बाळगणे हाच गुन्हा मानू नये. रानातल्या त्या आवाजालाही तत्कालीन सत्तेने गुन्हाच मानले होते, याचे विस्मरण निदान गोमंतकीयांना तरी होऊ नये.