साधी की गंभीर

छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडवरच्या जिल्हा न्यायालयात मारहाणीच्या चार फिर्यादी लागोपाठ वाचल्या, की सगळ्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून शिवीगाळ केली व जीवे मारण्याची धमकी दिली.’ भांडण नळाच्या पाळीचं असो, रिक्षा लावण्याचं असो की बांधाचं, वाक्य हेच. त्यात हिशोब आहे. मारहाणीला भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), शिवीगाळीला ३५२, धमकीला ३५१. अंमलदार कलमं डोक्यात ठेवून लिहितो, फिर्यादी खाली सही करतो.

एका फौजदारी वकिलांच्या टेबलाशी मी बसलो होतो. समोर मुकुंदवाडीकडचे एक गृहस्थ. मुलावर गुन्हा दाखल झालेला. “साहेब, पोरानं एकच चापट मारली हो.” वकिलांनी चापटीचं काही विचारलंच नाही. “काका, समोरचा घाटी रुग्णालयात गेला होता का? एक्स-रे निघाला? हाड मोडलंय का?”

सगळी केस इथेच वळते. नुसती साधी दुखापत अदखलपात्र: पोलीस एनसी लिहून घेतात, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत, आणि शिक्षा फार तर एक वर्ष किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. हाड किंवा दात मोडला, की दुखापत ‘गंभीर’ आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत तरी गंभीरच. जुन्या भारतीय दंड संहितेत हे वीस दिवस होते.

हत्याराचा भाग मात्र चमत्कारिक आहे. बुक्कीने हात मोडला तर गुन्हा जामीनपात्र, पण चाकूने नुसतं खरचटलं तरी ११८(१), तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि अजामीनपात्र. जुनं ३२४ जामीनपात्र होतं. म्हणून १ जुलै २०२४ला नवी संहिता लागू झाल्यानंतरच्या भांडणांत ‘हातात काय होतं’ हा प्रश्न फार महाग झालाय. काठी असेल तर ती केवढी, जीव जाऊ शकेल अशी होती का, पंचनाम्यात जप्त दाखवलीय का, हे वकील खोदून विचारतात.

मग येतं घाटीचं इजा प्रमाणपत्र. जखम कुठे, केवढी, साधी की गंभीर, कशाने, किती तासांपूर्वीची. ‘कठीण व बोथट वस्तू’ असं लिहिलेलं असलं, की उलटतपासाचा ठरलेला प्रश्न तयार: माणूस दगडावर पडला तर अशी इजा होईल का? डॉक्टर बहुधा ‘होऊ शकते’ म्हणतात. तेवढ्याने कोणी सुटत नाही, पण साक्षीदार सगळे फिर्यादीच्या घरचेच असले की त्या उत्तराला वजन येतं.

वकिलांचा पुढचा प्रश्न मला अनपेक्षित होता. “तुमच्या पोराला लागलंय का?” कपाळाला टाके पडले होते, ते खासगी दवाखान्यात घातलेले, पोलिसांच्या कागदात त्यांचा पत्ता नाही. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा फिर्यादी पक्षाने केला नाही, तर त्याची कहाणीच संशयास्पद ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली लक्ष्मी सिंग खटल्यात म्हटलंय. क्रॉस केस, म्हणजे पोराची उलट फिर्याद, आणि स्वसंरक्षणाचा बचाव, दोन्ही याच टाक्यांवर उभे राहणार होते.

अटकेच्या भीतीने पोरगा नातेवाइकांकडे जाऊन बसलेला. लपून बसण्याचा सल्ला सगळ्यात वाईट, आणि तो नातेवाईकच देतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, असं २०१४च्या अर्नेश कुमार निकालाने पोलिसांना बजावलंय. आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची नोटीस येते. नोटिशीप्रमाणे हजर राहिलं, तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक होत नाही.

फीचा प्रश्न शेवटी निघाला. कोठडीतला आरोपी, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा. फुकटचा वकील लक्ष देत नाही, हा समज मला जुनाट वाटतो. प्राधिकरणाचे वकील, म्हणजे लोक अभिरक्षक, हे पूर्णवेळ काम करतात, त्यांना खासगी केस घेता येत नाही.

दोन्ही घरं पुढे समेटाला आली तर? ११५(२) मार खाल्लेल्याने मिटवता येतं, हाड मोडल्याचं कोर्टाच्या परवानगीने. ११८ लागलं असेल, तर ते असं मिटत नाही; जालना रोडला उच्च न्यायालयाच्या खंडपीठात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, आणि त्याला फिर्यादीचं शपथपत्र. क्रॉस केस असली, की दोन्ही अर्ज एकाच दिवशी लावून घ्यावेत, असं वकिलांनी काकांना आत्ताच सांगून ठेवलं.