कर्टोलीचा संसार

आषाढ लागला कीं सह्याद्रीच्या उतारांवर करवंदीच्या जाळींतून एक नाजूक वेल वर चढूं लागते. आणि श्रावणाच्या सुमारास तिचीं हिरवीं, मऊ कांट्यांचीं फळें कर्जत-पनवेलकडील बाजारांत ठाकूर-कातकरी बायकांच्या टोपल्यांतून दिसूं लागतात. हीच आपली कर्टोली. कारल्याची ही बहीण. परंतु कारल्याचा कडूपणा तिच्यांत फारसा नाहीं. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्या घरांत तिचें स्वागत विशेष होतें.

भाजी महाग पडते, म्हणून पुष्कळ गृहस्थ ही वेल परसांत लावतात. वेल मांडवभर पसरते, पिवळीं फुलेंही येतात, पण फळ धरत नाहीं. ‘ही वांझ कर्टोली’ असें म्हणून ती उपटली जाते, आणि येथेंच घात होतो.

हा शब्द आजचा नव्हे. संस्कृत निघंटूंत कर्कोटकी व वंध्याकर्कोटकी अशीं दोन नांवें येतात. दुसरी म्हणजे कर्टोलीचीच नरवेल, असें सामान्यतः मानण्यांत येतें. आम्ही शाळेंत नर-मादी फुलांचा भेद भोपळ्याच्या वेलीवर दाखवीत असूं. कारण तेथें दोन्ही फुलें एकाच वेलीवर असतात. कर्टोलीचें तसें नाहीं. पपईप्रमाणें तिच्यांत नर निराळा व मादी निराळी. १८०५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या ‘मोमोर्डिका डायोइका’ या शास्त्रीय नांवांतील दुसऱ्या पदाचा अर्थच मुळीं ‘दोन घरांची’ असा आहे. तेव्हां जिला वांझ म्हणून उपटलें, तिच्यावांचून शेजारच्या फळणाऱ्या वेलीचाही संसार थांबतो.

ओळख सोपी आहे. मादी फुलाच्या खालीं इवलेंसें कांटेरी फळ आरंभापासूनच दिसतें. नरफुलाखालीं नुसता देंठ असतो. बियांपासून केलेल्या रोपांत नर-मादी साधारण निम्मे-निम्मे निघतात, आणि फूल येईपर्यंत भेद कळत नाहीं. म्हणून लागवड कंदांपासून करावी. मृगापूर्वीं, पाणी न सांचणाऱ्या जागीं, सुमारें ६ फुटांच्या अंतरानें कंद पुरावे व वेलीस मांडव द्यावा. ८ ते १० मादी वेलींस एक नरवेल पुरे होते. पण ती एक हवीच.

कर्टोलीचें फूल सायंकाळीं उमलतें, व रात्रीं फिरणारे पतंग पराग वाहून नेतात. शहरांतील परसांत त्यांची उणीव असल्यास घरांतील मुलांस हें काम सांगावें. दिवेलागणीनंतर ताजें नरफूल खुडून तें मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेंच टेकवावें. सुमारें पंधरा दिवसांत फळ भाजीजोगें होतें. बी कठीण होण्यापूर्वीं तें काढावें.

थंडींत वेल वाळते. ती मेली असें समजून जागा खणूं नये, कीं रोज पाणी घालून कंद कुजवूं नये. जागेवर खूण ठेवावी. पुढील पावसांत त्याच कंदाला कोंब फुटतो.

आमचें आणखी एक सांगणें आहे. लागवडीसाठीं रानांतले कंद खणून आणूं नयेत. डोंगरांत कोंवळीं फळें सर्वच खुडलीं जाऊं लागलीं, तर बीं पडत नाहीं. त्यांत कंदही नेले तर पुढच्या वर्षीं टोपलींत काय यावें? रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयानें लागवडीसाठीं ‘इंदिरा कंकोडा-१’ ही जात काढली आहे. अशी जात किंवा एखाद्या बागाईतदाराकडील कंद मिळवावे. आणि हंगामाच्या शेवटीं आपल्या मांडवावरचीं दोन-चार फळें पिकूं द्यावीं. तीं पिवळीं होऊन उकलतात, आंत तांबडा गर दिसतो. तें बीं पुढील पावसाळ्यांत कुंपणाकडेला टाकावें. त्यांतून नर निघो वा मादी, दोघांनाही जागा द्यावी.