ज्याने राखण केली, त्याची राखण

आपल्या वस्तीत कुत्रे नाही असे घर विरळाच. पैसे मोजून कुणी आणत नाही. पोरांच्या मागे मागे एखादे पिल्लू येते, भाकरीचा तुकडा खाते आणि उंबऱ्याशी कायमचे बसते. माळेगाव बुद्रुकचा आमचा हा भाग नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा, उसाचा. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर रस्त्याने ट्रॅक्टर चालतात. घरधनी रात्रपाळीला, घरात बायका-मुले, आणि दाराबाहेर ते मुके जनावर. चोर असो, साप असो, आधी त्याला कळते. दहा-बारा वर्षे अशी बिनपगारी नोकरी ते करते.

मग एक दिवस त्याला उठता येत नाही. डोळ्यांत सारा येतो, जागच्या जागी मुततो, अंगाला वास येतो. अशा वेळी काय करायचे, हा प्रश्न घरोघरी आहे, पण त्यावर बोलत कुणी नाही. काही जण पोत्यात घालून लांब कुठे उसाच्या कडेला किंवा बाजारतळावर सोडून येतात आणि घरी मुलांना सांगतात, "गेला कुठं तरी." मुलांना खरे काय ते कळत असते.

समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही चार घरी जातो, तेव्हा हा विषय काढला की एक उत्तर हमखास मिळते. एका आजोबांनी तर तोंडावरच विचारले, "आरं बाबा, आपल्या माणसाला कुणी पाणी दिलं न्हाई, आन् तुमी कुत्र्याला सलाईन लावताय?" या प्रश्नाला हसून चालणार नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना पाणी पिता येत होते आणि आपल्या बापजाद्यांना नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे सत्याग्रह करावा लागला तो त्यासाठीच. कुत्र्यापेक्षा हलके लेखले जाण्याची ती जखम पिढ्यान् पिढ्यांची आहे.

पण विचार करा, तो अपमान केला कुणी? माणसांनी. कुत्र्याने विटाळ मानला नाही, त्याने कुणाची जात विचारली नाही. मग माणसाने केलेल्या अन्यायाचा राग मुक्या जनावरावर का काढायचा? राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे एक छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले असेल. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत, आणि कुटुंबाबरोबर त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. चवदार तळ्याचा लढा लढलेल्या माणसाच्या घरात कुत्र्याला जागा होती. आमच्या मते आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका छायाचित्रात आहे.

दुखणे ओळखावे कसे?

कुत्रे सात-आठ वर्षांचे झाले की ते उतारवयाला लागले असे समजावे. "म्हातारा झालाय, असंच व्हायचं" असे म्हणून आपण सोडून देतो, पण म्हातारपण निराळे आणि आजार निराळा. पुष्कळ आजार बरे होत नसले तरी आवरता येतात.

कुत्रे एकाएकी जास्त पाणी पिऊ लागले, लघवी वाढली, वजन उतरले, तोंडाला उग्र वास येऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. हा आजार लबाड आहे. मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले दिसत नाही. म्हणून तहान वाढली की लगेच रक्त-लघवी तपासून घ्यावी. मधुमेहातही अशीच तहान लागते. मादीची नसबंदी झालेली नसेल, ती माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी सुस्त पडली, पाणी जास्त पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथे एक दिवसही थांबू नये.

रात्री खोकला, थोडे चालले तरी धाप, पोट फुगणे ही हृदयविकाराची लक्षणे आहेत. कुत्रे गाढ झोपलेले असताना पोट मिनिटात किती वेळा वर येते ते घड्याळ लावून मोजावे. तीसच्या वर आकडा सतत जाऊ लागला तर डॉक्टरांना सांगावे. याला पैसा लागत नाही. सकाळी उठताना कण्हणे, पायरी टाळणे ही सांधेदुखी. ताप, नाकातून रक्त, हिरड्या पांढऱ्या पडणे, हे आपल्याकडे गोचिडांपासून होणाऱ्या तापात दिसते. त्यावर औषध आहे, पण वेळेत दिले तर.

वहीतली नोंद

आमच्या घरचा मोत्या गावठीच होता. बाराव्या वर्षी त्याच्या मूत्रपिंडाचे दुखणे निघाले, आणि मागचे पाय तर आधीच धरलेले होते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले की हा बरा होणार नाही, पण नीट सांभाळला तर काही काळ सुखाने जगेल. त्यानंतर तो दीड वर्ष जगला.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा पहिली गोष्ट केली ती शंभर पानी वही घातली. किती खाल्ले, पाणी किती वेळा प्यायला, उलटी झाली का, गोळी दिली का, एवढ्याच नोंदी. घरात कामे वाटली. थोरलीकडे वही आणि गोळ्या, धाकट्याकडे पाण्याचे भांडे. ते कधीही रिकामे राहू द्यायचे नाही, कारण मूत्रपिंडाच्या रोग्याला पाणी तोडणे म्हणजे त्याचा जीवच तोडणे. डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन कसे द्यायचे ते हात धरून शिकवले, ते काम घरातल्या बाईमाणसाने आमच्यापेक्षा चांगले केले.

खाणे साधेच होते. मऊ भात, त्यात उकडलेल्या अंड्याचे पांढरे, थोडे शिजवलेले चिकन, मीठ-मसाला नाही. रविवारचा तिखट रस्सा आणि हाडे बंद केली. हाडांत आणि काळजी-गुर्द्यात फॉस्फरस फार, तो दुबळ्या मूत्रपिंडाला झेपत नाही. झोपायला जुन्या गोधडीची चौपदरी घडी, खाली गोणपाट. फरशीवर पाय घसरतात म्हणून त्याच्या वाटेवर पोती अंथरली. आमच्या आईंचे गुडघे दुखतात. त्या सकाळी त्याच्याशेजारी बसून म्हणायच्या, "तुझं आन् माझं दुखणं एकच रं बाबा." संध्याकाळी दोघे मिळून हळूहळू कोपऱ्यापर्यंत जायचे आणि यायचे. त्या दीड वर्षात मुलांनी आजारी जिवाजवळ कसे वागावे ते शिकून घेतले. पुढे आईंना ताप आला तेव्हा थोरलीने न सांगता वहीचे नवे पान काढले.

हे मात्र करू नका

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला कदापि देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल या आपल्या ओळखीच्या गोळ्यांनी कुत्र्याचे पोट, मूत्रपिंड, यकृत निकामी होऊ शकते. डायक्लोफिनॅक दिलेली जनावरे मेल्यावर ती खाऊन आपल्या देशातली गिधाडे लाखोंनी मेली आणि २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, हे ध्यानात ठेवावे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हेही कुत्र्याला विषारी. गोचिडांवर शेतातले कीटकनाशक चोळू नये.

रेबीजची लस म्हाताऱ्या कुत्र्यालाही डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे वेळच्या वेळी द्यावी. दुखरे कुत्रे मालकालाही चावू शकते. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात लस घ्यावी. हळद-चुना लावत बसू नये. कुत्र्याची लघवी पुसल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण लेप्टोसारखे रोग त्यातून पसरतात.

परळचा दवाखाना आणि आपला खिसा

मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात झंजीर नावाचा लॅब्रॅडोर होता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. किती माणसे त्याच्यामुळे वाचली याची गणती नाही. त्यात सगळ्या जातीधर्मांची माणसे होती. त्याला हाडाचा कर्करोग झाला आणि १६ नोव्हेंबर २००० रोजी, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात तो गेला. पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे निवृत्तीनंतर विरारजवळच्या एका शेतावर सांभाळले गेले. म्हातारपणाची दुखणी सोसत २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरात. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी निवर्तले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद असल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या.

टाटांची गोष्ट वेगळी, असे तुम्ही म्हणाल आणि ते खरेच आहे. आपला पगार दहा तारखेलाच संपतो. पण आधी सरकारी सोय वापरून पाहा. पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असला तरी तिथे कुत्र्यालाही तपासतात. मोठी तपासणी लागली तर आपल्याला जवळचे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९८८ पासून चालू आहे. डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, "साहेब, आमच्याकडं एवढेच पैसे आहेत, यात सगळ्यांत गरजेचं काय ते सांगा." चांगला डॉक्टर यावर रागावत नाही. मुलांच्या फीचे पैसे मोडून किंवा कर्ज काढून उपचार करावेत असे आम्ही म्हणणार नाही. पाणी, मऊ अंथरूण, स्वच्छता, वेळेवर घास आणि पाठीवर हात, एवढे तरी प्रत्येक घराला परवडते, आणि शुश्रूषेचा मोठा भाग तोच आहे.

सोडून देणे मात्र शुश्रूषा नव्हे. उपासमारीने हाल होतील अशा रीतीने जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ साली संविधानात घातलेल्या मूलभूत कर्तव्यांपैकी एक आहे, कलम ५१ क. हक्कांसाठी संविधान हातात धरणाऱ्या आपण ते पानही वाचले पाहिजे.

शेवटचे दिवस

खाणे सुटले, पाणीही घेईना, वेदना औषधाने थांबेनात, तेव्हा डॉक्टर भूल देऊन शांत करण्याचा मार्ग सुचवतात. पाच शिले म्हणणाऱ्या घरात हा प्रश्न जड जातो. हिंसा कोणती आणि करुणा कोणती, हे ज्याने त्याने घरच्यांशी व डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आम्ही आज्ञा करणार नाही. एवढे नक्की की विष घालणे, काठीने मारणे याला करुणा म्हणता येत नाही. डॉक्टरांचे इंजेक्शन झोपेसारखे असते. मोत्याच्या वाट्याला तो प्रसंग आला नाही. पावसाळ्यातल्या एका पहाटे तो झोपेतच गेला. मृत देह विहीर-कालव्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरावा, उघड्यावर टाकू नये. औषधे भिनलेला देह पक्ष्यांनाही मारतो.

आणि मुलांशी खोटे बोलू नये. त्यांना रडू द्यावे. ज्या घरात म्हाताऱ्या, आजारी, निरुपयोगी झालेल्या जिवाला कोपऱ्यात का होईना हक्काची जागा मिळते, त्या घरातली मुले उद्या आपल्यालाही ती जागा देतात. बंधुभगिनींनो, आपल्या दारातल्या म्हाताऱ्या राखणदाराचे भांडे आज रिकामे नाही ना, एवढे पाहून घ्या.