गंजात जपलेली अक्षरं

शेतात सापडलेली तांब्याची शिवराई पहिल्यांदा हातात येते, तेव्हा ती नाणं वाटतच नाही. हिरवट, खडबडीत चकती. मग हात आपसूक चिंचेकडे वळतो, कारण तांब्याची भांडी आपण तशीच लखलखीत करतो. पण त्या हिरव्या थरात काय घडलेलं असतं हे एकदा कळलं, की चिंच लावायची हिंमतच होत नाही.

तांबं ओल्या मातीत पडलं की हळूहळू गंजू लागतं. धातूला लागून क्युप्राइटचा तांबूस थर धरतो, त्यावर मॅलेकाइटचा हिरवा. हे इतकं सावकाश होतं, की टाकसाळीत ठशाने उमटलेला मूळ पृष्ठभाग पुष्कळदा त्या थरांमध्येच जिथल्या तिथे राहतो. म्हणजे ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं आता तांब्यात नसतात, तांब्याच्या गंजात असतात! आम्लाने गंज विरघळला की अक्षरंही जातात आणि हाती गुलाबी, खड्डे पडलेला तुकडा उरतो. शिवराईच्या कितीतरी तऱ्हा आहेत. अभ्यासक अक्षरांच्या वळणावरून, एखाद्या टिंबावरून त्या वेगळ्या ओळखतात. घासताना पहिल्यांदा जातं ते हेच टिंब.

चिकटलेली मातीही टाकाऊ नसते. नाणी कापडात बांधून पुरलेली असतील, तर तांब्याचे क्षार कापड कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारतात. बाकीचं कापड नाहीसं होतं, पण नाण्यावर कधी कधी त्याचे उभेआडवे धागे मोजता येतील असे टिकून राहतात. शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी मारलेल्या गाठीचं विणकाम! मला याहून थरारक काही सुचत नाही.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हं पुन्हा ठोकली होती. नव्या छापाखाली जुन्या राजाच्या चेहऱ्याची पुसट रेघ उरते, आणि सातवाहनांच्या विजयाचा पुरावा म्हणून इतिहासकार हीच नाणी दाखवतात. अशी रेघ पॉलिशच्या फडक्याने एका दुपारी नाहीशी होऊ शकते.

म्हणून जमिनीत घबाड लागलं तर काहीच साफ करू नये. गाडगं, माती, सगळं तसंच ठेवून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या गुप्तधनाची सूचना देणं बंधनकारक आहे.

स्वतःच्या संग्रहातलं, मातीने माखलेलं तांब्याचं नाणं असेल, तर आधी त्याचे फोटो काढावेत, वजन करावं. मग ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवावं, पाणी वरचेवर बदलावं. नळाचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतं. सुटलेली माती भिंगाखाली बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने अलगद काढावी. लोखंडी सुई नको, तारेचा ब्रश तर नकोच. हिरवा थर घट्ट आणि गुळगुळीत लागला की थांबावं. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांना मात्र हा उपाय लावू नये, शुद्ध पाण्यानेही शिसं झिजतं. मातीतली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, म्हणून ती वाकवून पाहू नये.

फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड दिसली, तर तो तांब्याचा चिघळणारा रोग समजावा. आत दडलेलं क्लोराइड ओल आणि हवा मिळताच आम्ल तयार करतं, ते आम्ल आणखी तांबं खातं आणि चक्र सुरूच राहतं. असं नाणं वेगळ्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवावं आणि संवर्धकाला दाखवावं. बाकीची नाणीही कोरडी ठेवावीत आणि कडेला धरूनच उचलावीत. बोटांच्या घामातही मीठ असतं.