कॅमेऱ्याच्या नावातला आकडा

कॅननच्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत आकडा जितका लहान, तितकी श्रेणी वरची. १५००डीसारखी चार अंकी मॉडेल नवशिक्यांसाठी, ७००डीसारखी तीन अंकी हौशी छायाचित्रकारांसाठी, ८०डी त्याहून वरचे आणि ५डी व्यावसायिकांचे. नियमाला अपवाद आहेच: ७डी एक अंकी असूनही त्याचा सेन्सर लहान, एपीएस-सी आकाराचा, ५डीचा मात्र ३६ × २४ मिलिमीटरचा, म्हणजे फुल फ्रेम.

‘मार्क’ म्हणजे त्याच श्रेणीतली पुढची पिढी. ती घ्यावी की नाही, हे मेगापिक्सेलवरून ठरवणारे हमखास फसतात. २००८ च्या ५डी मार्क २ मध्ये २१.१ मेगापिक्सेल होते, २०१२ च्या मार्क ३ मध्ये २२.३. फरक नावापुरता! पण फोकसचे बिंदू ९ वरून ६१ झाले. लग्नात किंवा मैदानावर पळत्या माणसांचे फोटो काढणाऱ्याला हा बदल पैसे वसूल करून देणारा होता. ट्रायपॉड लावून निसर्गचित्रे टिपणाऱ्याला जवळपास निरुपयोगी. मेगापिक्सेलचे म्हणाल, तर ते दुप्पट झाले तरी छापील फोटोची लांबी-रुंदी प्रत्येकी जेमतेम १.४ पट वाढते.

आहे त्या कॅमेऱ्याने नेमके काय अडते, ते आधी पाहावे. फोटो अंधारात हलत असतील, तर मोठ्या छिद्राची लेन्स नव्या बॉडीपेक्षा अनेकदा स्वस्त आणि जास्त उपयोगी पडते. शिवाय लेन्स पुढेही कामी येते: २०१८ पासूनच्या कॅननच्या मिररलेस आर मालिकेचा माउंट वेगळा असला, तरी डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यावर चालतात.