गुहेचे अस्वल, अस्वलाची गुहा

अस्वलकुळाची कथा : लेखांक ४

गेल्या लेखात मायोसीन काळातल्या, कुत्र्यासारखे चवड्यांवर धावणाऱ्या हेमिसायॉनची ओळख झाली. आजचा आपला नायक त्या मानाने अगदी अलीकडचा. युरोपात माणूस गुहांच्या भिंतींवर चित्रे काढत होता, तेव्हा हा त्याचा शेजारी होता. त्याचे नाव गुहा-अस्वल. लायपझिगच्या योहान ख्रिस्टियान रोझेनम्युलरने जर्मनीतल्या फ्रँकोनियामध्ये सापडलेल्या अवशेषांवरून १७९४ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण केले : अर्सस स्पेलिअस.

ऑस्ट्रियात मिक्सनिट्झ गावाजवळच्या डोंगरात एक मोठी गुहा आहे. लोक तिला ड्रॅगनची गुहा म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर खताची टंचाई होती, म्हणून १९२० च्या सुमारास तिथली फॉस्फेटयुक्त माती उपसायला सुरुवात झाली. मातीत हाडेच हाडे निघाली, आणि जवळजवळ सगळी या अस्वलाची. तीस हजारांहून जास्त अस्वलांचे अवशेष तिथे असावेत, असा अंदाज बांधला गेला.

आकडा ऐकून एखादा महासंहार डोळ्यांसमोर येतो. पण हिशोब करून पाहा. दर हिवाळ्यात त्या गुहेत फक्त दोन अस्वले मेली, तरी पंधरा हजार वर्षांत तीस हजारांचा आकडा गाठला जातो. हिमयुगातला हिवाळा काढायला अस्वले गुहेत झोपी जात. उन्हाळ्या-शरदात अंगावर पुरेशी चरबी चढली नसेल, तर त्यांना पुन्हा जाग येत नसे. मरणाऱ्यांत पिल्ले, म्हातारी आणि आजारी अस्वलेच जास्त. गुहांमधल्या अरुंद वाटांवरचे खडक तर पिढ्यान्‌पिढ्या अंग घासून गुळगुळीत झालेले आजही दिसतात.

नर चार-पाचशे किलोंचा. कपाळ उंच, छाती रुंद. एवढे धूड, पण खाणे मुख्यतः पाल्याचे. तोंडातल्या पुढच्या उपदाढा नाहीशा झालेल्या आणि मागच्या दाढा जात्यासारख्या रुंद, चघळून पीठ करणाऱ्या. हाडांतल्या नायट्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाणही बहुतेक ठिकाणी शाकाहाराचीच साक्ष देते. रुमानियातल्या काही हाडांनी मात्र वेगळे आकडे दिल्याने तो वाद अजून चालू आहे.

गुहेशी त्याचे नाते किती घट्ट होते, हे जुन्या डीएनएने दाखवले. वायव्य स्पेनमधल्या गुहांतल्या हाडांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, त्यामुळे मातृवंश ओळखता येतो. संशोधकांना दिसले, की जवळपास प्रत्येक गुहेचा मातृवंश निराळा आहे. गुहा एकमेकींपासून फार लांब नव्हत्या, तरीही अस्वले जन्मलेल्या गुहेतच हिवाळ्याला परतत होती. त्याच प्रदेशातल्या तपकिरी अस्वलांमध्ये असे काही आढळले नाही. त्यांचे मातृवंश गुहांगुहांत मिसळलेले होते.

हजारो वर्षे या सवयीने काही बिघडले नाही. मग त्याच गुहांवर माणसाचा डोळा गेला. युरोपातल्या १४ ठिकाणांहून मिळालेल्या ५९ माइटोकॉन्ड्रियल जीनोमांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यानुसार आधीच्या थंडीच्या लाटा या अस्वलांनी पचवल्या होत्या. त्यांच्या संख्येला मोठी उतरण लागली ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी, म्हणजे आधुनिक माणूस युरोपात पसरत होता तेव्हा. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत तर अस्वलाच्या मणक्यात गारगोटीचे टोक रुतलेले सापडले आहे. झोपेतल्या किंवा नुकत्याच जागे झालेल्या अस्वलाला गाठणे शिकाऱ्याला सोपे, आणि ते कुठे सापडेल हेही ठरलेले. त्यात पुढे हिमयुग पराकोटीला पोहोचत गेले आणि पाला दुर्मिळ झाला. सुमारे २४,००० वर्षांपूर्वी ही जात संपली. तपकिरी अस्वल काहीही खाई आणि गुहा नसली तरी बीळ खणून झोपे. ते तगले.

तगले, आणि एक वारसाही घेऊन तगले. या दोन जातींच्या वाटा दहा लाखांहून जास्त वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या होत्या, तरी पुढे त्यांच्यात संकर होत राहिला. २०१८ च्या अभ्यासानुसार आजच्या तपकिरी अस्वलांच्या जीनोममध्ये ०.९ ते २.४ टक्के वाटा गुहा-अस्वलाचा आहे. आपल्यात निएंडरथलचा अंश आहे, तसाच. तेव्हा जात नामशेष झाली म्हणजे तिचे सगळेच संपले, असे धरून चालणे चूक ठरेल. कार्पेथियन डोंगरांत किंवा अलास्कात फिरणाऱ्या अस्वलाच्या पेशीपेशीत ती थोडीशी शिल्लक आहे.

(पुढील आठवड्यात : उत्तर अमेरिकेचे उंच पायांचे, आखूड तोंडाचे अस्वल, आर्क्टोडस. त्याला फक्त मांसभक्षक म्हणणे कितपत बरोबर, हे त्याच्या दातांवरून पाहू.)